मानसशास्त्रात गुणात्मक संशोधन करून प्राध्यापकी उभी राहते का?

मांजराकाठ

नमस्कार. लातूर जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवते. हे तिसरं वर्ष. नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झाली, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती थोडक्यात गेली. पेट ही प्रवेश परीक्षा देऊन पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, कोर्सवर्क आटोपला, आता आराखडा आरआरसीपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढे ठेवायचा आहे.

विषय दोन वर्षांपासून मनात पक्का आहे. एमपीएससीच्या तयारीला पुण्याला गेलेली आणि सात-आठ वर्षांनी रिकाम्या हाती गावी परतलेली मुलं. माझा चुलतभाऊ त्यांतलाच. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिला, अभ्यासिकेत दिवस काढले, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचला. आता शेती बघतो आणि लग्नकार्याला यायचं टाळतो. त्याच्यासारख्यांच्या हातात प्रश्नावलीचा कागद ठेवावा असं मला वाटत नाही. त्यांचं ऐकावंसं वाटतं, म्हणजे आकड्यांऐवजी बोलण्यावर आधारलेलं गुणात्मक संशोधन करावंसं वाटतं.

विभागातले सर मायेनेच सांगतात: "१०० परतलेले घ्या, १०० नोकरीला लागलेले घ्या, नैराश्याची प्रमाणित चाचणी द्या, टी-टेस्ट लावा. तीन वर्षांत मोकळ्या व्हाल. मुलाखतींत शिरलात तर अडकाल."

मागच्या महिन्यात सराव म्हणून एकाला विचारलं, माझ्या अभ्यासासाठी मुलाखत द्याल का? तो हो म्हणाला. ठरलेल्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात प्रमाणपत्रांची फाइल घेऊन आला. खुर्चीत ताठ बसला. प्रत्येक प्रश्नाला दोन वाक्यांत, अगदी मुद्देसूद उत्तर. अर्ध्या तासात सगळं संपलं आणि त्यात काही नव्हतं. मी रेकॉर्डर बंद केला, चहा मागवला, आणि मग तो तासभर बोलला. ते काहीच नोंदवलेलं नाही. घरी येऊन मला रडू आलं. पहिलीच मुलाखत वाया घालवली.

जाणकारांनी सांगावं. किती जणांशी बोललं म्हणजे पुरेसं? बोलणं मराठीत, प्रबंध इंग्रजीत, हे कसं जमवायचं? आणि एवढं करून नोकरीत, स्थाननिश्चितीत म्हणजे बढतीत याला काही किंमत मिळते का?

---

सहसंबंध

मी नाशिकला १९ वर्षं संख्याशास्त्र आणि प्रायोगिक मानसशास्त्र शिकवतोय, तेव्हा माझा कल कुठे ते आधीच सांगून टाकतो.

तरीही तुमच्या सरांच्या आराखड्यात मला खोट दिसते. परतलेल्यांत आज नैराश्याचे गुण जास्त आले, तरी ते अपयशामुळे वाढले की आधीपासूनच होते, हे एकदाच घेतलेल्या चाचणीवरून कळत नाही. टी-टेस्ट फरक दाखवील, कारण दाखवणार नाही. 'तीन वर्षांत मोकळ्या' हे खरं आहे, पण हाती जे येईल ते फार नसेल.

एक विनंती मात्र आहे. संख्याशास्त्र सोडू नका. महाविद्यालयात तुम्हाला प्रमाण विचलनही शिकवायचंय आणि एम.ए.च्या मुलांचे प्रकल्पही तपासायचेत. नेटच्या अभ्यासक्रमात आज ग्राउंडेड थिअरी, फिनॉमेनॉलॉजी या गुणात्मक पद्धती आणि घटक विश्लेषण हे संख्याशास्त्राचं तंत्र एकाच छताखाली आहेत. दोन्ही येणारा माणूस विभागाला हवा असतो.

---

कृष्णाघाट

मांजराकाठ, तुमची पहिली मुलाखत वाया गेलेली नाही. तुमच्या प्रबंधाचं पहिलं पान तिथेच आहे. तुम्ही त्या मुलाला कोणता शब्द दिलात ते बघा. मुलाखत. पूर्व, मुख्य, मुलाखत. ज्या दारापर्यंत जाण्यासाठी त्याने सात वर्षं घालवली आणि जे कधी उघडलं नाही, त्याच दाराचं नाव तुम्ही घेतलंत. तो आला शर्टाला इस्त्री करून, फाइल घेऊन, मंडळासमोर बसायचं तसा. तुमच्या टेबलाशी त्याने ती राहून गेलेली मुलाखत दिली. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. संमतिपत्रकातून तो शब्द आजच काढा. 'तुमच्याशी बोलायचं आहे' एवढंच लिहा. आणि तो कसा आला, कसा बसला, फाइल कुठे ठेवली, हे आठवतंय तोवर तारीख घालून वहीत उतरवा.

आता माझ्याविषयी, म्हणजे मी कोणत्या अनुभवावरून बोलतेय ते कळेल. मी मिरजेच्या बाजूला शिकवते. २००४ साली पूर्णवेळ लागले, २००८ ला पीएच.डी.साठी नोंदणी केली, २०१५ ला पदवी मिळाली. सात वर्षं. माझ्याबरोबर लागलेल्या एका सहकाऱ्याने चाचण्या वापरून तीन वर्षांत केली. तो वरच्या श्रेणीत माझ्या आधी गेला आणि त्या काळात मला वाईट वाटायचं, हे लपवत नाही. आज मी सहयोगी प्राध्यापक आहे, वेतनस्तर १३-अ. दोन विद्यार्थिनींची पीएच.डी. माझ्याकडे झाली, दोघींचीही गुणात्मक. म्हणजे उभी राहते. सावकाश राहते.

माझा विषय होता पक्षाघात झालेल्या नवऱ्यांना सांभाळणाऱ्या बायका. मिरजेला दवाखाने पुष्कळ, दूरदूरहून पेशंट येतात. मी ११ जणींशी बोलले, बहुतेकींशी दोन-दोनदा, त्यांच्या घरी, त्यांचं काम चालू असताना. कुणीही पक्षाघात म्हणत नव्हतं. 'अंगावरून वारं गेलं' म्हणायच्या. पहिली दोन बोलणी मी उतरवताना 'वारं गेलं' खोडून वर 'स्ट्रोक' लिहिलं होतं, शिकलेल्या माणसाच्या सवयीने. मार्गदर्शक मॅडमनी कागद परत केले. म्हणाल्या, जे बोलल्या तेच लिही, आजाराचं नाव डॉक्टरला ठाऊक आहे.

त्यातल्या पाच-सहा जणींच्या बोलण्यात एक शब्द परत परत यायचा: सुटका. 'आता एकदा सुटका व्हावी.' कुणाची, ते बोलायच्या नाहीत. आधी मी त्याचं इंग्रजीत 'रिलीफ' केलं. मग 'फ्रीडम' केलं. मग एकीने सुनेच्या बाळंतपणाची गोष्ट सांगताना म्हटलं, पहाटे सुखरूप सुटका झाली. मी टेप थांबवली. बाळंतपणालाही सुटका, मरणालाही सुटका, तुरुंगातून बाहेर येण्यालाही सुटका. नवऱ्याचं मरण मागतेय असं म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती, आणि तेवढंच मागत होत्या असंही नव्हतं. इंग्रजी प्रबंधात मी तो शब्द तसाच ठेवला आणि त्यावर साडेतीन पानं लिहिली. माझ्या सबंध कामात कुणी काही लक्षात ठेवलं असेल तर ती साडेतीन पानं.

म्हणून भाषेच्या प्रश्नाला माझं उत्तर हे: उतरवून काढणं मराठीत, संकेतांकन म्हणजे कोडिंग मराठीत, सूत्रं बांधणं मराठीत. इंग्रजी अगदी शेवटी, प्रबंध लिहिताना, आणि तेही निवडक उताऱ्यांचं. आधीच सगळं इंग्रजीत नेलंत तर तुम्ही त्या मुलांच्या बोलण्याचं विश्लेषण करत नाही, स्वतःच्या भाषांतराचं करता. आणि आधी विद्यापीठाच्या नियमांत बघा, प्रबंध मराठीत देता येत असेल तर त्याचाही विचार करा.

एक तासाचं बोलणं उतरवायला मला सात तास लागायचे. आता गूगल डॉक्समध्ये बोलून मराठी टाइप होतं, पण तुमच्याकडची बोली त्याला सगळी समजणार नाही, आणि 'हं', थांबणं, अर्ध्यावर सोडलेलं वाक्य ते गाळून टाकतं. आपल्याला तेच हवं असतं. माझ्या एका विद्यार्थिनीने टॅगेट नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरलं, देवनागरी नीट चाललं. मी स्वतः रंगीत पेन्सिली आणि जमिनीवर पसरलेले कागद वापरले. पद्धत त्यात नसते.

पद्धतीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडचे बरेच आराखडे इथे कोसळतात. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांचा थीमॅटिक अॅनालिसिसवरचा, म्हणजे बोलण्यातून सूत्रं बांधण्याच्या पद्धतीवरचा, २००६ चा लेख तुम्हाला कुणीतरी देईलच. २५ पानांचा आहे, सहा टप्पे आहेत. मी तो छापून, उशाशी ठेवून वाचला. पण पुढे त्या दोघींनी स्वतःच आपल्या पद्धतीला 'रिफ्लेक्सिव्ह' हे विशेषण जोडलं आणि स्पष्ट केलं की सूत्रं मुलाखतीत दडून बसलेली नसतात, संशोधक ती घडवतो. मग त्याच आराखड्यात 'दोन कोडर्सचं मत किती जुळलं याचा काप्पा (जुळणीचा आकडा) काढू' आणि 'सॅच्युरेशन येईपर्यंत (नवं काही मिळेनासं होईपर्यंत) मुलाखती घेऊ' अशी वाक्यं टाकली की जाणता परीक्षक लगेच पकडतो. तीन पद्धतींतलं सोयीचं उचलून एक खिचडी केलेली दिसते. एक पद्धत घ्या आणि तिचं मूळ समजून घ्या.

तुमच्या विषयाला मला आयपीए (इंटरप्रिटेटिव्ह फिनॉमेनॉलॉजिकल अॅनालिसिस) ही पद्धत जवळची वाटते. लंडनच्या जोनाथन स्मिथ यांनी ती १९९६ पासून मांडली. एखादा अनुभव ज्याने जगला त्याला तो कसा समजतो, हे त्यात माणसागणिक खोलवर बघतात. त्यात सहा-आठ माणसंही पुष्कळ होतात, पण ती एकसारख्या परिस्थितीतली हवीत. म्हणून ठरवा: वयोमर्यादा ओलांडली म्हणून थांबलेले, की संधी शिल्लक असताना स्वतःहून परतलेले? खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा धरली तर तिशीत परतलेल्याला गाव रोज विचारतं, 'अजून एकदा का देत नाही?' चाळिशीतल्याला ते कुणी विचारत नाही. हे दोन वेगळे अनुभव आहेत. एकच घ्या.

आणि 'किती जण' या प्रश्नावर समितीत आकडा मागितलाच तर १२ चं नाव निघेल. तो आकडा २००६ च्या एका अभ्यासातून आलाय: घाना आणि नायजेरियातल्या ६० स्त्रियांच्या मुलाखती तपासल्यावर बहुतेक सगळे मुद्दे पहिल्या १२ मध्येच येऊन गेल्याचं दिसलं. त्या अभ्यासाची माणसं सारख्या गटातली होती, प्रश्न ठरलेले होते. तो आकडा सगळीकडे लावायचा नियम नाही, हे शांतपणे सांगता आलं पाहिजे.

शांतपणे म्हणते, कारण माझा आराखडा जिथे मांडला तिथे एका सदस्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, ११ बायकांवर डॉक्टरेट? परिकल्पना कुठे आहे? मला उत्तर येत होतं, पण आवाज फुटेना. मी खाली बसले. आराखडा सहा महिने मागे गेला. त्या सहा महिन्यांत मी उत्तर लिहून काढलं आणि आरशासमोर उभं राहून मोठ्याने म्हटलं: किती जणींना त्रास होतो हा माझा प्रश्न नाही, त्रास म्हणजे त्यांच्यालेखी काय हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आधी गृहीत धरलं तर विचारायचं कशाला. दुसऱ्या वेळी तेच सदस्य होते. मंजूर झालं. तेव्हा हाती दाखवायला काही नव्हतं. तुमच्याकडे आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१८ मध्ये गुणात्मक संशोधन कसं मांडावं आणि तपासावं याचे स्वतंत्र निकष प्रसिद्ध केले. ते छापून न्या. मानसशास्त्रातल्या माणसाला तो शिक्का ओळखीचा असतो.

नोकरीचं बोलू. डॉक्टरेट कोणत्या पद्धतीने केली याला भरतीत किंवा स्थाननिश्चितीत वेगळे गुण नाहीत, कमीही नाहीत. यूजीसीच्या म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत वेतनस्तर १० वरून ११ वर जायला पीएच.डी. असेल तर ४ वर्षं, नसेल तर ६. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२ च्या नियमांत निघाली. मान्य संशोधन-पत्रिकांची यूजीसी केअर ही यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. म्हणून छापायचं नाही असं नाही, पण पैसे भरून आठ दिवसांत छापणाऱ्या मासिकांच्या मागे जाऊ नका. आपल्या कामाला जागा लागते. उतारे गाळून तीन हजार शब्दांत बसवलेला गुणात्मक लेख म्हणजे नुसता सांगाडा. एक लेख दोन वर्षं घासा, चांगल्या ठिकाणी द्या. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांत तुम्ही बसत असाल तर जाहिरातींवर लक्ष ठेवा. तासिकेच्या मानधनावर फिरणं, राहणं, उतरवणं निभत नाही.

शेवटची गोष्ट, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. चहाच्या वेळचं त्या मुलाचं बोलणं. ते तुम्हाला आठवतंय, आणि ते उत्तम आहे, म्हणून मोह होणार. पण त्याने संमती दिली होती ती रेकॉर्डर चालू असतानाची. बंद केल्यावर तो तुम्हाला विश्वासातलं माणूस समजून बोलला. आधी त्याला विचारा. तो नको म्हणाला तर ते तुमचं नाही.

---

लीड्सवासी

कृष्णाघाट यांचं 'सुटका' वाचून मी थांबलो. इथे इंग्लंडमध्ये मी मानसशास्त्राचा अधिव्याख्याता आहे, स्थलांतरित कुटुंबांवर काम करतो, बरीच बोलणी मराठी आणि गुजरातीत असतात.

इथलं चित्र थोडं वेगळं. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता हवी असेल तर पदवीलाच गुणात्मक पद्धती शिकवाव्या लागतात, त्यामुळे आमच्या विभागात त्या शिकवणारं माणूस लागतंच. सोसायटीत गुणात्मक पद्धतींचा स्वतंत्र विभाग २००५ पासून आहे. तरी अनुदान मागताना 'एवढ्या कमी माणसांवरून काय सिद्ध होणार' हे मलाही ऐकावं लागतं. हा प्रश्न फक्त लातूरचा नाही.

एक छोटी सूचना. लेखात प्रत्येक उताऱ्याचं मूळ मराठी आणि भाषांतर शेजारी-शेजारी द्या. परीक्षक मराठी वाचू शकत नसले तरी वाचणारे वाचतात, आणि भाषांतर करणाऱ्यावर वचक राहतो. मी हे उशिरा सुरू केलं. माझ्या पहिल्या दोन लेखांतले मूळ शब्द आता मलाच आठवत नाहीत.

---

मांजराकाठ

तुम्हा सगळ्यांची मी मनापासून आभारी आहे. सहसंबंध सर, तुमचं म्हणणं मी विभागातल्या सरांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, आराखडा आण, बघू.

कृष्णाघाट ताई, मी विचार करून तिशीतले, स्वतःहून परतलेले, असं ठरवलंय. चुलतभावाशी बोलणार नाही. तो घरचा आहे, 'नाही' म्हणणं त्याला जमणार नाही.

एक शंका. ही मुलं 'अमुक वर्षीच्या मुख्य परीक्षेत दोन गुणांनी गेलं' असं सांगतात. नाव बदललं की पुरेल ना? आणि बोलताना कुणी फारच खचलेला वाटला तर मी काय करायचं?

---

कृष्णाघाट

नाव बदलून पुरणार नाही. निकालांच्या याद्या संकेतस्थळावर असतात. वर्ष, पद आणि गुण एकत्र आले की तालुक्यातला कुणीही माणूस ओळखेल. वर्ष पुसा, गुण पुसा, 'थोडक्यात गेलं' एवढं ठेवा. गाव तर नकोच, तालुकाही नको. आपल्याकडे मोटारसायकलच्या रंगावरून माणूस ओळखतात.

खचलेला वाटला तर रेकॉर्डर बंद, संशोधन बंद. आत्महत्येचा विचार येतो का हे सरळ शब्दांत विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो मनात पेरला जात नाही. एकट्याला सोडून निघू नका. घरातलं विश्वासाचं कोण आहे ते त्यालाच विचारा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाला पहिल्याच भेटीत कागदावर लिहून द्या, मराठीत बोलता येतं. जवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात कोण बसतं, कोणत्या वारी, हे तुम्ही पहिल्या मुलाशी बोलण्याआधी स्वतः जाऊन बघून या. आराखड्यात हे लिहा, नीतिसमितीलाही हवं असतं. आणि तुम्ही समुपदेशक म्हणून गेलेला नाहीत, हे त्यांना आणि स्वतःलाही सांगा. दिवसाला एकच बोलणं घ्या. मी एकदा दोन घेतली होती, दुसरीचं मला काही ऐकूच आलं नाही.

त्या मुलाला विचारलंत का?

---

मांजराकाठ

काल गेले होते. या वेळी त्याच्या शेतावर, बांधावर बसलो. साधा बनियन, पायात माती. मी सांगितलं, त्या दिवशी चहाच्या वेळी जे बोललात ते मी वहीत लिहून ठेवलंय, पण तुम्ही हो म्हणालात तरच वापरीन. त्याने वही मागितली. सगळं वाचलं, माझ्या अक्षरातलं. मग म्हणाला, लिहा, फक्त बहिणीच्या लग्नाच्या पैशांचं काढा. ते दोन परिच्छेद आहेत. खरं सांगायचं तर सगळ्यांत बोलकं तेच आहे.

---

कृष्णाघाट

काढा. प्रबंधातून तर काढाच, वहीतूनही. दुसऱ्या बाजूला काही लिहिलं असेल तर ते आधी नव्या पानावर उतरवून घ्या, मग ते पान फाडून त्याच्याच हातात द्या. पुढच्या वेळी जाल तेव्हा नवी वही न्या आणि रेकॉर्डरचे सेल बदलून घ्या, शेतावर चार्जिंग नसतं.